भांड्यांवरील नावे : सामूहिक स्मृतीची घरगुती स्मारके
(वणी व नाशिक परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

स्मारक म्हटले की पुतळा, समाधी, छत्री किंवा शिलालेख यांची आठवण होते. तथापि सामान्य माणसाच्या आयुष्यात स्मरणाचे कार्य पुष्कळदा तांब्या, हंडा, परात, टाक अशा नित्य वापराच्या वस्तूंनी केलेले आहे. महाराष्ट्रात भांड्यांवर नाव घालण्याची जी प्रथा आहे तिचा स्मारक-परंपरेच्या दृष्टीने विचार करणे, तिच्यातील स्त्रियांच्या नावांचे ऐतिहासिक मोल दाखविणे आणि ही साधने नष्ट होण्यापूर्वी त्यांची नोंद का व कशी करावी हे सुचविणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : सामूहिक स्मृती, नित्य वापराच्या वस्तू, टाक, वीरगळ, मोड, भांड्यांवरील लेख.

प्रस्तावना

इतिहासाचा विद्यार्थी वणीस आला की त्याची दृष्टी प्रथम डोंगराकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. दिंडोरी तालुक्यातील हे गाव सप्तशृंगगडाच्या पायथ्याचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. याच परिसरात ऑक्टोबर १६७० मध्ये, सुरतेची दुसरी लूट घेऊन परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या सैन्याची मोगल सरदार दाऊदखान कुरेशी याच्याशी लढाई झाली. इतिहासात ती वणी-दिंडोरीची लढाई म्हणून ओळखली जाते. गडावरील पायऱ्यांच्या बांधकामाशी सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांचे नाव जोडले जाते. उमाबाईंचे माहेर जवळच्याच अभोण्याचे. पतीच्या व पुत्राच्या निधनानंतर त्यांनी दाभाड्यांच्या दौलतीचा कारभार पाहिला. देवीच्या पायऱ्या चढताना त्यांचे नाव आजही निघते.

लढाईला बखर मिळाली आणि उमाबाईंना पायऱ्या मिळाल्या. परंतु त्या पायऱ्यांवरून डोक्यावर नैवेद्याची टोपली घेऊन चढलेल्या असंख्य बायकांच्या नावाचे काय झाले, असा प्रश्न विचारला तर इतिहासाची नेहमीची साधने गप्प बसतात. दफ्तरात त्या नाहीत. सात-बाराच्या उताऱ्यावर फार क्वचित आहेत. शाळेच्या पटावर तर दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत त्यांचा पत्ताच नव्हता. मग या स्त्रियांचे नाव कोठे लिहिले गेले? प्रस्तुत लेखिकेच्या मते या प्रश्नाचे एक उत्तर फडताळात आहे. ते भांड्यांवर लिहिले गेले.

विषयाची निवड व अभ्यासपद्धती

या विषयाकडे वळण्यास एक घरगुती प्रसंग कारणीभूत झाला. घरातील एका लग्नाच्या वेळी जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत देऊन नवी घ्यावीत असे ठरले. पोत्यात भरण्यापूर्वी भांडी चिंचेने घासली गेली. एका तांब्याच्या गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरे तेव्हा वर आली. ते नाव घरात कोणाच्याही ओळखीचे नव्हते. ‘ही कोण?’ अशी विचारपूस सुरू झाली, तेव्हा एका वयोवृद्ध आत्याने सांगितले, की हे आजीचे माहेरचे नाव. लग्नात तांदळाच्या ताटात नवे नाव लिहिले गेले आणि जुने नाव माहेरीच राहिले. शिधापत्रिकेवर, मतदारयादीत, मृत्यूच्या दाखल्यावर सर्वत्र सासरचेच नाव आहे. मामाने तिच्या लग्नात दिलेल्या या एका तांब्याने मात्र पहिले नाव सांभाळून ठेवले होते. आजीचे नातू-पणतू तिच्या हातचे पाणी पीत वाढले, पण तिचे नाव त्यांना ती गेल्यानंतर कळले, आणि तेही मोडीच्या पोत्यापाशी.

या प्रसंगानंतर स्वतःच्या व परिचितांच्या घरातील, तसेच देवस्थाने व धर्मशाळांत वापरात असलेल्या भांड्यांवरील मजकूर वाचण्याची सवय लागली. प्रस्तुत निबंध हा त्या वाचनाचा व उपलब्ध इतिहास-साधनांचा एकत्रित विचार आहे. येथे संख्याशास्त्रीय पाहणीचा दावा नाही. एका उपेक्षित साधनाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणे एवढाच मर्यादित हेतू आहे.

सामूहिक स्मृती : संकल्पना

स्मृती ही केवळ व्यक्तीच्या मनात राहत नाही. कुटुंब, धर्म, वर्ग अशा समूहांच्या चौकटीतच माणूस आठवतो, हा विचार फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. पुढे इतिहासकार पिएर नोरा यांच्या संपादनाखाली १९८४ ते १९९२ या काळात फ्रान्समधील ‘स्मृतिस्थळां’वरील ग्रंथमाला निघाली. जिवंत स्मृती विरळ होत जाते तेव्हा समाज तिला जागा, वस्तू, विधी यांच्या आधाराने धरून ठेवू पाहतो, असे नोरा यांच्या विवेचनाचे सूत्र सांगता येईल.

आपल्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हीच वाट वेगळ्या अंगाने चोखाळली होती. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात त्यांनी ग्रंथांबरोबरच शेंदूर फासलेले दगड, पायवाटा आणि पाटा-वरवंटा यांनाही साक्षीला बोलावले. बारशाच्या विधीत बाळाबरोबर वरवंट्यालाही सजविले जाते. सुशिक्षित घरातही टिकून राहिलेला हा आचार अतिप्राचीन काळाचा अवशेष आहे, हे त्यांनी दाखवून दिले. स्वयंपाकघरातील दगड हे इतिहासाचे साधन होऊ शकते, तर त्याच स्वयंपाकघरातील अक्षरे कोरलेला तांब्या का होऊ नये?

महाराष्ट्रातील वस्तुरूप स्मारकांची परंपरा

वस्तूच्या रूपाने मृताचे वा घटनेचे स्मरण ठेवण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. तिचे काही प्रकार येथे पाहू.

(अ) वीरगळ व सतीशिळा : गावोगावच्या वेशीपाशी, देवळाच्या आवारात उभे असलेले वीरगळ ही लढाईत वा गोधनाच्या रक्षणात पडलेल्या वीरांची स्मारके होत. त्यांवर सामान्यतः खालून वर लढाई, अप्सरांसह स्वर्गारोहण आणि शिवलिंगाची पूजा असे कप्पे कोरलेले असतात. सतीशिळेवर मात्र पुष्कळदा स्त्रीची पूर्ण आकृती नसते. कोपरात वाकलेला एक हात आणि त्यात भरलेला चुडा एवढेच असते. पुरुषाचे स्मरण त्याच्या पराक्रमाच्या दृश्याने आणि स्त्रीचे स्मरण तिच्या बांगड्यांनी, असा हा भेद आहे. नित्य वापराची वस्तू व्यक्तीच्या जागी उभी राहते याचे मराठी मुलखातील हे जुने उदाहरण होय. चुड्याने तिचे सौभाग्य सांगितले, पण नाव सांगितले नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.

(आ) टाक : देवघरातील टाक म्हणजे चांदीच्या वा अन्य धातूच्या पत्र्यावर ठोकून उठविलेली प्रतिमा. कुलदैवतांबरोबर पूर्वजांचे, विशेषतः अकाली वा लढाईत गेलेल्या पुरुषांचे टाकही अनेक घराण्यांत पूजिले जातात. नाशिक शहरात धुळवडीच्या दिवशी ‘वीर’ नाचविण्याची प्रथा आहे. घराघरांतील वीरांचे टाक वाजत-गाजत गोदावरीवर नेले जातात आणि त्यांना स्नान घातले जाते. एरवी देवघरात बोटभर जागा व्यापणारा पूर्वज वर्षातून एक दिवस रस्त्यावर येतो आणि एका घराची आठवण साऱ्या गावाची होते. खाजगी स्मृती सामूहिक कशी होते याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

(इ) नारोशंकराची घंटा : नाशिकमध्ये गोदातीरी नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ साली बांधविलेल्या रामेश्वर मंदिरावरील घंटा सर्वपरिचित आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यानंतर तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवस्थानांत गेल्या. त्यांपैकी ही एक असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकर येथील घंटेवर १७२९ हे साल आढळते. ज्या वस्तूने एका समाजाला प्रार्थनेस बोलावले तीच दुसऱ्या समाजात विजयाची खूण झाली. वस्तू तीच राहिली तरी तिच्याभोवतीचा समूह बदलला की तिची आठवणही बदलते, हे या घंटेवरून स्पष्ट होते.

(ई) शेंदराचे थर : सप्तशृंगीची अठरा भुजांची मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या शेंदराने लिंपली गेली. २०२२ साली हा थर उतरविण्यात आला तेव्हा मूळ मूर्तीचे रेखीव रूप पुन्हा दृष्टीस पडले. ज्यांनी तो शेंदूर वाहिला त्यांची नावे कोठेही नाहीत, तरी त्यांच्या भक्तीला जाडी होती, वजन होते. ही निनावी सामूहिक स्मृती होय. भांड्यांवरील नाव हे तिचे दुसरे टोक आहे.

भांड्यावर नाव घालण्याची प्रथा

नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुने नाव असलेले शहर. तांबट भांडे घडवीत, ठोके देऊन त्याला मठारीत, आणि कासाराच्या वा भांड्याच्या दुकानातून ते खेड्यापाड्यांत जाई. विकत घेतलेल्या भांड्यावर नाव घालून देणे हे दुकानातीलच काम असे. पूर्वी बारीक छन्नी व हातोडीने टिंबा-टिंबांनी अक्षर उठवीत. पुढे विजेवर थरथरणाऱ्या सुईचे यंत्र आले आणि अक्षर सलग व वळणदार झाले. टिंबांचे अक्षर बोटाला लागते, तर यंत्राचे अक्षर बहुधा डोळ्यांनाच दिसते. एवढ्यावरूनही भांड्याच्या काळाचा ढोबळ अंदाज बांधता येतो.

या प्रथेचे मूळ कारण व्यावहारिक असावे. लग्नकार्य, भंडारा, सप्ताह अशा वेळी एका घरची भांडी पुरत नसत. आळीतून पातेली, पराती, हंडे गोळा केले जात. पंगती उठल्यावर ती ज्याची त्याला परत करावयाची म्हणजे ओळख हवी. म्हणून नाव, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी एखादी चांदणी वा त्रिशूळ. म्हणजे भांड्यावरील नाव हे प्रारंभी मालकीचे चिन्ह होते. परंतु भांडे माणसापेक्षा अधिक काळ टिकते. मालक गेला की तेच नाव आपोआप स्मारक होते. कोणीही न ठरविता घडणारे हे परिवर्तन या प्रथेचे वैशिष्ट्य होय.

त्यानंतरची पायरी म्हणजे जाणूनबुजून केलेले स्मरण. ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ तमुक यांजकडून’ असा मजकूर असलेली भांडी देवस्थानांस, धर्मशाळांस, भजनी मंडळांस दिली जातात. वर्षश्राद्धाच्या वेळी आप्तेष्टांना नाव घातलेले भांडे देण्याची चालही काही समाजांत आहे. मृत व्यक्ती अशा रीतीने वीस-पंचवीस घरांच्या मांडणीवर जाऊन बसते. ज्याला दगडी समाधी परवडत नाही त्याचे हे विखुरलेले स्मारक आहे. फुले वाहण्यासाठी तेथे कोणी जात नाही, पण त्यात रोज भात शिजतो किंवा पाणी भरले जाते.

दातृत्वाच्या हौसेचा भाग यात नसतोच असे नाही. देवळातील पंख्याच्या पात्यांवर रंगविलेली नावे सर्वांनी पाहिली आहेत. पंखा फिरू लागला की नाव दिसत नाही. वीज गेली म्हणजेच दात्याचे स्मरण होते. अशा नावांना स्मारक म्हणावे की जाहिरात, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो गैर ठरणार नाही. तरीही स्मरण आणि मिरवणे यांची सरमिसळ केवळ गरिबाच्या पंख्यात आहे असे नाही. राजांच्या शिलालेखांतही ती आहेच, आणि त्यांचा अभ्यास आपण निमूटपणे करतो.

भांड्यांवरील लेखांची भाषा

हे लेख आखूड असतात, पण त्यांचे स्वतःचे व्याकरण आहे. ‘हिस’, ‘यांस’, ‘यांजकडून’ ही बोलण्यातून गेलेली रूपे भांड्यांवर टिकून आहेत. ‘चि. सौ. कां.’ हे लग्नातील भांड्यावर, ‘सौ.’ हे संसारातील भांड्यावर, तर ‘कै.’ हे स्मरणार्थ दिलेल्या भांड्यावर येते. म्हणजे एकाच बाईच्या आयुष्याच्या तीन अवस्था तीन भांड्यांवर वाचता येतात. देणाऱ्याचा उल्लेख पुष्कळदा नावाने न होता नात्याने होतो. ‘मामाकडून’, ‘आत्याकडून’, ‘मोठ्या आईकडून’ असे लिहिलेले असते. दफ्तरातील वंशावळ पित्याकडून पुत्राकडे सरळ खाली येते. भांड्यांवरील वंशावळ मात्र मामा, मावशी, आत्या अशी आडवी पसरते. मुलीच्या बाजूची नाती, जी महसुली कागदपत्रांत जवळजवळ अदृश्य आहेत, ती रुखवतात व आहेराच्या भांड्यांत स्पष्ट दिसतात.

येथेच या साधनाचे खरे ऐतिहासिक मोल आहे. शेतजमिनीच्या, शाळेच्या, न्यायालयाच्या कागदांत जी स्त्री ‘अमक्याची बायको’ एवढीच उरते, ती भांड्यावर स्वतःच्या नावाने उभी असते. भांडे हे तिचे स्त्रीधन होते. त्यावरील नाव ही त्या धनाची सनदच म्हणावी लागेल.

केळकर संग्रहालय : एका पित्याचे स्मारक

नित्य वापराच्या वस्तू आणि स्मरण यांचा संबंध महाराष्ट्रात ज्यांनी संस्थेच्या रूपाने उभा केला त्यांत दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांचे नाव अग्रभागी येते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. पुढे त्यांचा मुलगा राजा लहान वयातच वारला आणि हा संग्रह त्याच्या नावाने उभा राहिला. पुण्यातील ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ या नावात पित्याच्या आधी पुत्राचे नाव येते, याचे कारण हेच होय. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह केळकरांनी पुढे महाराष्ट्र शासनास देऊन टाकला.

या संग्रहात तलवारी-बंदुका आहेत, परंतु त्याची ख्याती अडकित्ते, दिवे, कुलुपे, दौती, वज्री, पानदाने आणि स्वयंपाकाची भांडी यांमुळे आहे. पितृहृदयाने मुलाचे स्मारक उभारताना पुतळा न निवडता लोकांच्या हातांनी झिजलेल्या वस्तू निवडाव्यात, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. एका मुलाच्या निमित्ताने हजारो अज्ञात कारागिरांचे व गृहिणींचे स्मारक झाले. मात्र संग्रहालयात गेलेल्या अशा वस्तूंविषयी एक मर्यादाही जाणवते. वस्तूचा प्रकार, धातू, प्रदेश व शतक यांची नोंद होते, तर ती कोणाच्या घरातली, तिच्याने कोण काय करीत असे, हे बहुधा मागे राहते. वस्तू वाचते, पण तिची गोष्ट वाचतेच असे नाही.

पाण्याचे भांडे आणि नाकारलेली स्मृती

भांड्यांच्या स्मृतीचा विचार केवळ जिव्हाळ्याच्या अंगाने केला तर तो अपुरा राहील. याच भांड्यांनी माणसामाणसांत भिंतीही उभ्या केल्या आहेत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या समाजाने प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केल्याचा विधी केला. पाणी भरण्याची घागर हे या देशातील सर्वांत साधे भांडे. तेच त्या दिवशी अपमानाचे हत्यार झाले.

नाशिक जिल्ह्याला ही आठवण परकी नाही. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे नेतृत्व बाबासाहेबांसह ज्यांनी केले ते कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. आळीतून लग्नासाठी भांडी गोळा होत तेव्हा कोणाच्या घरची भांडी घेतली जात नव्हती आणि कोणासाठी कपबशी वेगळी ठेवली जात होती, हेही या परिसराच्या सामूहिक स्मृतीचा भाग आहे. परंतु त्या वेगळ्या कपबशीवर कोणी नाव घातले नाही. वळचणीला ठेवलेली ती वस्तू जपण्याजोगी कोणालाच वाटली नाही आणि आज ती दाखविताही येत नाही. ज्या वस्तू उरल्या त्या मानाच्या होत्या. अपमानाच्या वस्तू मात्र फोडल्या वा फेकल्या गेल्या. म्हणून उरलेल्या वस्तूंवरून इतिहास रचताना न उरलेल्या वस्तूंचे स्मरण ठेवणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

या पार्श्वभूमीवर नागपूरजवळील चिचोली येथील शांतिवनात जपलेले बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र आदी वस्तूंचे महत्त्व ध्यानात येते. तेथे येणारा माणूस पुतळा पाहण्यास येत नाही. ज्या कोटाच्या बाह्या बाबासाहेबांनी घातल्या त्या पाहण्यास तो येतो. समाजाने वस्तूंवर हक्क नाकारला, तेव्हा आपल्या नेत्याच्या वस्तू जपणे ही त्या समाजाची स्वतःची इतिहास-निर्मिती झाली.

जागतिक संदर्भ

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जगात स्मारकांच्या कल्पनेत मोठा पालट झाला. विजयस्तंभापेक्षा साधी वस्तू अधिक बोलू लागली. हिरोशिमाच्या शांतिस्मारक संग्रहालयातील एक जेवणाचा डबा प्रसिद्ध आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी मरण पावलेल्या शिगेरू ओरिमेन या तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या मृतदेहापाशी तो त्याच्या आईला सापडला. त्यातील अन्न कोळसा झाले होते. बुडापेस्ट येथे डॅन्यूब नदीकाठी २००५ साली उभारलेल्या स्मारकात लोखंडाचे साठ जोडे मांडलेले आहेत. १९४४-४५ मध्ये ज्यू लोकांना पायताणे काढावयास लावून नदीकाठी गोळ्या घातल्या गेल्या, त्याची ती आठवण होय.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण जर्मन कलावंत गुंटर डेम्निग यांच्या ‘अडखळण्याच्या दगडां’चे आहे. नाझी राजवटीत बळी पडलेल्या व्यक्तीच्या शेवटच्या राहत्या घरासमोर, पदपथात, दहा सेंटीमीटर चौरस पितळी पत्र्याचा एक ठोकळा बसविला जातो. त्यावर ‘येथे राहत होते’ अशा अर्थाचे शब्द, नाव, जन्मसाल व शेवट एवढेच असते. १९९२ साली सुरू झालेल्या या उपक्रमात २०२३ पर्यंत युरोपभर एक लाखाहून अधिक दगड बसविले गेले. अक्षरे यंत्राने न छापता हाताने ठोकली जातात. पितळ, हातोडी आणि एक नाव, ही सामग्री आपल्या तांबटाला अपरिचित नाही. फरक इतकाच, की तेथे विसरलेले नाव परत आणण्यासाठी पितळ ठोकले जाते आणि आपल्याकडे ठोकलेले नाव पितळासह वितळविले जाते.

समकालीन भारतीय कलेत सुबोध गुप्ता यांनी स्टीलची भांडी व डबे यांपासून प्रचंड शिल्परचना केल्या आहेत. २००६ सालची त्यांची ‘व्हेरी हंग्री गॉड’ ही भांड्यांची कवटी सर्वपरिचित आहे. भांडे हे मध्यमवर्गीय भारतीयाच्या आकांक्षेचे व भुकेचे चिन्ह आहे, हे कलावंताने ओळखले. इतिहासाच्या अभ्यासकाने अजून ते पुरेसे ओळखलेले नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

मोड : स्मृतीचा क्षय

मराठीत ‘मोडीत निघणे’ हा वाक्प्रचार निरुपयोगी ठरण्याच्या अर्थाने रूढ आहे. भांड्यांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे. स्टीलच्या प्रसाराने तांब्या-पितळेच्या भांड्यांची सद्दी संपली. कल्हईवाल्याची हाक थांबली आणि त्याबरोबर जुनी भांडी माळ्यावर गेली. बोहारणीने जुन्या लुगड्यांच्या बदल्यात स्टीलच्या वाट्या घराघरांत पोहोचविल्या. पुढे प्लास्टिक व काच आली. आता जुने तांबे-पितळ शोभेसाठी पुन्हा विकत घेतले जाते, पण त्यावरील नाव गिऱ्हाइकाला नको असते. दुसऱ्याच्या आजीचे नाव दिवाणखान्यात कोण ठेवणार?

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. भांडे मोडीत देणे ही आजची विकृती नव्हे. ती जुनीच रीत आहे. धातू महाग होता आणि घरात लग्न निघाले की जुन्या हंड्याची नवी कळशी होत असे. ज्या आजीच्या तांब्याचा उल्लेख वर केला, तिनेच आपल्या सासूचा हंडा मुलीच्या लग्नासाठी मोडीत दिला होता, अशी आठवण घरात सांगतात. सासूचे नाव वितळले आणि मुलीचा संसार उभा राहिला. या व्यवहाराला विस्मरण म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. धातू पुढच्या पिढीच्या कामी येणे हाही स्मरणाचाच एक प्रकार होता. म्हणून सर्व भांडी काचेच्या कपाटात बंद करावीत, असे येथे सुचवावयाचे नाही. वापरातून काढलेले भांडे हे तसेही अर्धे मेलेलेच असते. भांडे जावो, पण जाण्यापूर्वी त्यावरील अक्षर वाचले जावे, एवढीच अपेक्षा आहे.

या दृष्टीने एक अनुकरणीय उदाहरण आपल्यासमोर आहे. जाती घराघरांतून हद्दपार होत असताना गी पॉइतव्हाँ व हेमा राईरकर यांनी ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन घडवून आणले. हा ठेवा आता ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळाद्वारे सर्वांना उपलब्ध होत आहे. जाते त्यांनी थांबविले नाही, वा पिठाची गिरणीही अडविली नाही. जात्याबरोबर जाऊ पाहणारा शब्द तेवढा धरून ठेवला. भांड्यांवरील नावांसाठी हेच करता येईल, आणि ते कितीतरी सोपे आहे.

उपाययोजना

महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या घरातील नाव घातलेल्या पाच भांड्यांची नोंद करावयास सांगावे. नोंदीत भांड्याचा प्रकार, धातू, मजकूर जसाच्या तसा, शुद्धलेखनात सुधारणा न करता, अक्षर टिंबांचे की सलग, आणि त्या नावाविषयी घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती असावी. छायाचित्रासाठी आता भ्रमणध्वनी पुरेसा आहे. अक्षरे पुसट असल्यास त्यावर थोडे पीठ चोळले असता ती उठून दिसतात. घरच्यांची परवानगी घेतल्याशिवाय कोणतीही नोंद प्रसिद्ध करू नये. ज्या घरांत नाव घातलेली भांडीच नव्हती, त्यांच्याकडे कोणती वस्तू आठवण म्हणून जपली आहे याचीही नोंद आवर्जून करावी. अन्यथा हाही इतिहास पुन्हा भांडीवाल्यांचाच होईल.

निष्कर्ष

१) महाराष्ट्रात नित्य वापराच्या वस्तूंद्वारे स्मरण ठेवण्याची परंपरा वीरगळ, सतीशिळेवरील चुडा, टाक, घंटा व भांडी अशा विविध रूपांत आढळते. आधुनिक कलेतील वस्तुरूप स्मारकांची कल्पना आपल्याला सर्वस्वी नवी नाही.

२) भांड्यावरील नाव हे आधी मालकीचे चिन्ह असते. मालकाच्या मृत्यूनंतर ते कोणी न ठरविता स्मारक बनते. हेतुपुरस्सर दिलेली ‘स्मरणार्थ’ भांडी ही त्याची पुढील अवस्था होय.

३) स्त्रियांची माहेरची नावे व मातृपक्षाची नाती यांसाठी भांड्यांवरील लेख हे दुर्मीळ लिखित साधन आहे.

४) वस्तूंची स्मृती निःपक्षपाती नसते. मानाच्या वस्तू टिकतात आणि अपमानाच्या वस्तू नाहीशा होतात. म्हणून वस्तूंच्या इतिहासाला तोंडी साक्षीची जोड आवश्यक आहे.

५) या साधनांचे जतन म्हणजे वस्तू गोठविणे नव्हे, तर ती नाहीशी होण्यापूर्वी तिचा मजकूर व तिची हकिगत नोंदविणे होय.

लेखाच्या आरंभी ज्या तांब्याचा उल्लेख केला तो मोडीत गेला नाही. त्या लग्नात इतर भांडी गेली आणि हा तेवढा पोत्यातून परत काढण्यात आला. सध्या तो पूजेच्या पाण्यासाठी वापरात आहे. घासताना हाताला टिंबे लागतात आणि घरातील लहान मुले ती बोटाने वाचतात. त्यांना आपल्या पणजीची दोन्ही नावे ठाऊक आहेत.